जिथं बबडी, तिथं पिशवी

या शहरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या ताईनं मला तिच्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं होतं, इथं घराबाहेर पडताना जवळ काय काय हवं ते. ताई आपल्याच भाषेतली, केस कापायच्या दुकानात कामाला. हातात कात्री नसली तरी बोलताना तिची दोन बोटं कापत असतात.

"छत्री. लख्ख ऊन असलं तरी छत्री. पाण्याची बाटली. चार्जर, कारण फोन मेला की तू मेलीस, रस्ता कुणाला विचारणार? आणि जादा मोजे."

"मोजे कशाला?"

"ओल्या मोज्यांत कामाची अख्खी पाळी उभी राहा, मग मला विचार. आणि किल्ली, बाई, किल्ली! इथली दारं आपल्या पाठीमागं आपणहून लागतात. दार नुसतं लोटून शेजारी गप्पा मारायला जायचे दिवस विसर आता. कचरा टाकायला बाहेर पडलीस तरी किल्ली मुठीत. नाहीतर बस जिन्यात, नवरा येईपर्यंत."

मी हसले होते. तेव्हा बबडी पोटात होती. एवढं सगळं घेऊन हिंडायचं म्हणजे पाठीवर बिऱ्हाडच की, असं काहीतरी मी म्हणाले. ताई म्हणाली, "बिऱ्हाड अजून यायचंय," आणि माझ्या पोटाकडं बोट दाखवलं.

बबडी झाली तेव्हा पिशवी मात्र विकत घ्यावी लागली नाही. बबडीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीनं दिलेली त्याची हत्यारांची जुनी पिशवी पडून होती, जाड कॅनव्हासची, नुसते कप्पेच कप्पे. मी ती गरम पाण्यात भिजवून ब्रशनं घासघासून काढली, तरी ग्रीसचा वास काही पुरता गेला नाही. पान्यांच्या कप्प्यात दुधाची बाटली अशी बसली की जणू मापानं शिवलाय. स्क्रूड्रायव्हर खोचायच्या पट्ट्यांत चमचा, थर्मामीटर, औषधाचा ड्रॉपर. आतल्या मोठ्या पोटात डायपर, दुपटं, बदलायचे कपडे, छत्री, आणि हो, ताईचे ते मोजे. पुढच्या चेनच्या कप्प्यात किल्ली, पिशवीच्या कडीला दोरीनं बांधून ठेवलेली.

बांधलेली, कारण घरमालकानं दिलेल्या दोन किल्ल्यांतली एक या माणसानं कामावर असताना लिफ्टच्या फटीतून खाली पाडली होती. कुठल्या इमारतीत, तेही सांगता येईना.

"लोकांच्या पडलेल्या किल्ल्या काढून देणारा माणूस तू!" मी म्हटलं.

"म्हणूनच. दिवसभर लोकांच्या काढतो, स्वतःची कधी काढू?"

या किल्लीची नक्कल दुकानात करून मिळत नाही, घरमालकालाच मागवावी लागते. आणि आमचा घरमालक असा की त्याला फोन लावायचा म्हटलं की आम्ही दोघं एकमेकांना "तू लाव, तू लाव" करत बसायचो. पण एका किल्लीवर आमचं निभत होतं.

मी चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. यंत्रावर काच फ्रेमच्या आकाराला घासायची, तिची कड तासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि नंबर जुळतोय का ते तपासायचं. माझी पाळी सकाळची. निघायची तेव्हा ही दोघं गाढ झोपलेली असायची, दार ओढून घेतलं की झालं. त्याची पाळी दुपारची. मी ज्या गाडीनं परत यायची, तीच गाडी पुढं त्याच्या कामाच्या बाजूला जायची. आमच्या स्टेशनात गाडीचा ड्रायव्हर बदलतो, म्हणून ती जरा जास्त वेळ टेकते. तेवढ्या वेळात आमचा संसार चालायचा.

तो बबडीला कडेवर आणि पिशवी खांद्याला घेऊन गेटबाहेर उभा असायचा. कार्ड टेकवल्यावर उघडणाऱ्या त्या काचेच्या झडपा असतात ना, कमरेएवढ्या उंचीच्या, त्यांच्या पलीकडं. मी धावत यायची. बाहेर पडायला रांग असायची आणि गाडी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती, म्हणून तो बबडीला झडपांच्या वरूनच माझ्या हातात द्यायचा. मग पिशवी. मग कार्ड टेकवून स्वतः आत, आणि गाडीकडं पळत सुटायचा. बबडीला तो खेळच वाटायचा. हवेतून माझ्याकडं येताना पाय झाडायची, आणि बाबाच्या पाठीकडं बघून मूठ उघडमीट करत टाटा करायची. रडली नाही कधी. तिनं का रडावं? तिच्या लेखी गेटवरून एक माणूस गेलं की दुसरं मिळतं, आणि गेलेलं माणूस आपण झोपून उठलो की परत आलेलं असतं.

एकदा गडबडीत मी बबडीला घेतलं आणि पिशवी त्याच्याच खांद्यावर राहिली. तो गाडीत, आम्ही दोघी बंद दाराबाहेर. ताईच्या दुकानात जाऊन बसलो. डायपरच्या जागी ताईनं दुकानातला टॉवेल गुंडाळला आणि वर मला ऐकवलं, "एवढं शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी." त्या दिवसापासून त्यानं नियमच घातला. बबडीला देताना तोंडानं म्हणायचं.

"जिथं बबडी?" तो विचारायचा.

"तिथं पिशवी!" म्हणत मी पट्टा खांद्यावर ओढून घ्यायची.

रांगेतल्या लोकांना वाटत असेल, यांच्याकडं लेकरू देताना काहीतरी मंत्र म्हणत असावेत.

जागेपणी आमची भेट व्हायची ती एवढीच. आठवड्याच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी. भांडणंसुद्धा हप्त्याहप्त्यानं चालायची.

"पातेलं करपलंय. चूक माझी. पळतो!"

दुसऱ्या दिवशी मी, "कुठलं पातेलं?"

"तुझ्या आईनं दिलेलं."

"अरे काय तू..." तोवर तो गाडीत.

तिसऱ्या दिवशी मला जे बोलायचं होतं त्याची मी कारखान्यात सकाळपासून मनात जुळवाजुळव केलेली असायची. पण पिशवी उघडली की बबडीच्या बाटलीशेजारच्या डब्यात माझ्यासाठी सोललेलं संत्रं असायचं, फोडी सुट्ट्या करून, वरचे पांढरे दोरेही काढलेले. पातेलं राहून जायचं. मला वाटायचं, आमच्यासारखं सुख कुणाला नसेल. अजूनही वाटतं.

मग त्याची पाळी बदलली.

तेही गेटवरच कळलं. बबडी अजून हवेतच होती.

"सोमवारपासून मला लवकर बोलावलंय."

"लवकर म्हणजे किती?"

"तू यायच्या आधीच निघावं लागेल. तू अजून यंत्रावर असशील."

"मग बबडी?"

त्यानं पिशवी माझ्याकडं दिली. त्या दिवशी म्हणायचं ते म्हणायला दोघंही विसरलो.

हिशोब सोपा होता. तो निघाल्यापासून मी येईपर्यंत एक तास. अख्ख्या दिवसात बबडीला एका तासासाठी कुणी नव्हतं. त्या एका तासाला ठिगळ लावायला आम्ही काय नाही केलं! कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंना विचारलं, मला तासभर आधी सोडाल का. बाई वाईट नाहीत. माझं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तुझं यंत्र थांबलं की पुढच्या तिघींचं काम थांबतं. त्या तिघींनाही मुलं आहेत." पाळणाघरात गेले तर तिथल्या बाईनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "इतक्या उशिरा आलात? इथं लोक पोटात असतानाच नाव घालतात." मी म्हटलं, ती पोटात असताना त्या तासाला तिला बाबा होता. बाईंना काही कळलं नाही. जागा झाली की कळवू, म्हणाल्या.

ताई म्हणाली, "एक तास ना? आण माझ्याकडं. बसेल माझ्या ट्रॉलीशेजारी." थोडे दिवस तसं चाललं. तो जाताना बबडीला आणि पिशवीला ताईच्या दुकानात सोडायचा, मी आले की घ्यायची. पण बबडी आता बसून राहणाऱ्यातली नव्हती. रांगायला लागली होती, आणि दुकानाच्या फरशीवर दिसेल ते उचलून तोंडात घालणं हा तिचा उद्योग. एक दिवस ताईनं तिच्या तोंडातून केसांचा पुंजका ओढून काढला, तोही गिऱ्हाइकासमोर. मालकिणीनं शांतपणे सांगितलं, उद्यापासून नको.

"मेलीच्या स्वतःच्या कुत्र्याला दुकानात गादी आहे," ताई फोनवर रडत होती, "आणि माझ्या भाचीला तासभर जागा नाही."

मग त्यानं कुणाला न सांगता तिला कामावर नेलं. मलाही सांगितलं नाही. मी नको म्हणाले असते.

त्या दिवशी मी गेटवर आले तर बाहेर तो उभा. त्या वेळी तो कामावर असायला हवा होता. बबडी कडेवर, पिशवी खांद्याला, नेहमीसारखी. चेहरा मात्र धुऊन काढल्यासारखा पांढरा. मी बबडीला घेतलं तर ती हसत होती. तिला चाचपून बघितलं. काही नव्हतं.

घरी येऊन त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिच्याशेजारीच जमिनीवर बसला.

"खालच्या रखवालदाराजवळ बसवली होती. त्याला कुणीतरी काही विचारायला आलं. ही रांगत रांगत लिफ्टमध्ये गेली. दार लागलं."

मी बबडीला जवळ ओढलं.

"वर कुणीतरी बटण दाबलं असणार. लिफ्ट गेली. मी समोरच्याच लिफ्टचं दार उघडून आत वाकलेलो. आतल्या आरशात मला दिसलं गं, तिच्या लिफ्टचं दार लागताना. तिचा पाय."

"मग?"

"मग काय? अडकलेली माणसं रोज सोडवतो मी. हातात लिफ्टची किल्ली होती, पॅनेल समोर होतं. ती किल्ली भोकात जाईना. शेवटी..." त्यानं बबडीकडं बघितलं. "वरच्या मजल्यावरची एक बाई तिला घेऊन खाली आली. हिचं आपलं चाललंय टाटा, टाटा."

बबडी आमच्या दोघांच्या मधून रांगत गेली आणि पिशवीची चेन ओढायला लागली.

तो म्हणाला, "आईला फोन करू?"

त्याच्या आईला बोलावणं म्हणजे काय, हे न सांगताही मला कळत होतं. सासूबाई इथं राहू शकणार नव्हत्या. घरी सासरे गुडघ्यांनी अधू, त्यांना शेजाऱ्यांच्या भरवशावर किती दिवस ठेवणार? त्या येतील त्या राहायला नाही, बबडीला न्यायला येतील.

"मी काम सोडते," मी म्हटलं.

"मग ही खोली सोडावी लागेल."

"सोडू. परत जाऊ."

परत जाऊन काय, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. तो प्रश्न मिटवायलाच तर आम्ही इथं आलो होतो.

"पाळणाघरात जागा झाली की आणू," तो म्हणाला. "लगेच. त्याच दिवशी मी जाईन आणायला."

मी बबडीच्या हातातून चेन सोडवली. ती चिडली. मी तिला परत दिली.

सासूबाई आल्या त्या स्वतःची एक पिशवी घेऊन, आणि तिच्यात आणखी पिशव्या, घड्या घालून, एकीत एक. आमची पिशवी बघून त्यांनी नाकाला पदर लावला. "ही लेकराची पिशवी आहे का गॅरेज?" पण दुसऱ्याच दिवशी कुठल्या कप्प्यात काय, ते त्यांना पाठ झालं. मला म्हणाल्या, "सूनबाई, लेकरू मला जड नाही. पण ती रडली ना विमानतळावर, तर मला नेववणार नाही. मी सांगून ठेवते. तिथूनच परत फिरेन."

मला एकदम वाटलं, रडू दे की मग. रडू दे, चांगलं हंबरडा फोडून रडू दे.

पण ती रडू नये याची तयारी आम्हीच केली. कल्पना त्याची. म्हणाला, गेटवर ती कधी रडत नाही, तर आईची सवय गेटवरच लावू. मग रोज मी गाडीतून उतरून आले की आतच थांबायची. सासूबाई बाहेर, बबडीला घेऊन. त्यांनी झडपांवरून माझ्याकडं द्यायची, मी त्यांच्याकडं परत. घेतली, दिली. घेतली, दिली. स्टेशनावरचा माणूस आमच्याकडं बघत उभा राहायचा. पहिले एक-दोन दिवस आजीकडं जाताना बबडी अंग ताठ करायची आणि आजीच्या नाकाकडं संशयानं बघायची. मग एक दिवस तिनं पाय झाडले.

"बघ! झाली की नाही सवय!" सासूबाई केवढ्या खूश झाल्या. मग माझ्या तोंडाकडं लक्ष गेलं तशा बाटलीचं झाकण उगीचच आवळत बसल्या.

त्याच आठवड्यात अंगावरचं दूधही तोडलं. सासूबाईच म्हणाल्या, आता तोडलेलं बरं, वाटेत हाल नकोत. बबडीनं फार त्रास दिला नाही. तिला बाटली आवडायची. त्रास मलाच झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी भरायला बसलो. मी छत्री आत ठेवली.

"तिकडं छत्री कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "छत्र्या काय कमी आहेत आपल्या घरात?"

"असू दे."

"आणि हे मोजे कुणाचे? तुझे दिसतात."

"असू देत ना, आई."

"बाई, मी त्या पिशवीत लेकराचं सामान ठेवू की तुझं?"

तो म्हणाला, "आई, राहू दे." डबा भरताना मी त्यात बबडीची बिस्किटं ठेवली. तो उठला, एक संत्रं सोललं, फोडी सुट्ट्या केल्या, वरचे दोरे काढले आणि फोडी बिस्किटांच्या शेजारी ठेवल्या. बबडी अजून संत्रं खात नाही. हे त्याला माहीत आहे.

आम्ही एकेक कप्पा उघडून बघितला. पुढचा चेनचा तेवढा कुणी उघडला नाही. त्यात काय आहे हे ठाऊकच होतं ना.

विमानतळावर प्रवाशांशिवाय पुढं कुणाला सोडत नाहीत. खांबांमध्ये ताणलेल्या पट्ट्यांनी एक रांग आखलेली होती, कमरेएवढ्या उंचीची. सासूबाई कागद दाखवून पलीकडं गेल्या आणि आमच्याकडं वळून उभ्या राहिल्या. बबडी माझ्या कडेवर होती. तिनं ती पट्टी बघितली, पलीकडची आजी बघितली, आणि स्वतःहूनच हात पुढं केले. हा खेळ तिला येत होता.

मी तिला उचललं. माझ्या कानामागून तो म्हणाला. म्हणायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं, मला माहीत आहे. इतक्या दिवसांचं तोंडात बसलेलं होतं.

"जिथं बबडी?"

"तिथं पिशवी," मी म्हटलं, आणि खांद्यावरचा पट्टा काढून सासूबाईंच्या खांद्यावर घातला.

हवेतून जाताना बबडीनं पाय झाडले. पलीकडं पोचल्यावर वळून आमच्याकडं बघितलं आणि मूठ उघडमीट करून टाटा केला. सासूबाई रडत होत्या. बबडी त्यांच्या गालावरचं पाणी बोटानं पसरवत होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडं वळून कौतुकानं मान हलवली. किती गुणाचं लेकरू!

ती दिसेनाशी झाल्यावरही आम्ही उभे होतो. एक माणूस आला, आम्हाला जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि पट्टी काढून रांग दुसरीकडं वळवली.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो. एका दिशेनं, एका गाडीनं, किती दिवसांनी जात होतो कोण जाणे. हातांचं काय करावं कळेना. त्यानं ते मांडीवर ठेवले, मग बगलेत घातले. आमच्या स्टेशनात ड्रायव्हर बदलला, गाडी टेकून राहिली. उतरून गेटपाशी आलो तर तो एका बाजूला थांबला आणि मी पुढं झाले. मग दोघांच्याही लक्षात आलं की कुणी कुणाला काही द्यायचं नाहीये.

जिना चढलो. दारासमोर उभं राहून त्यानं माझ्या खांद्याकडं हात नेला. मी त्याच्या खांद्याकडं बघितलं.

"किल्ली?" तो म्हणाला.

"पिशवीत."

विमान तेव्हा कुठल्यातरी समुद्रावर असणार.

आधी मला हसू आलं. त्यालाही आलं. दाराला पाठ टेकून आम्ही दोघंही खाली बसलो आणि हसलो, अगदी पोट धरून. "बांधून कुणी ठेवली होती?" तो म्हणाला. "नियम कुणी घातला होता?" मी विचारलं. "पण चुकलो नाही हं," तो म्हणाला. "इतक्या दिवसांच्या सवयीनं सगळं बिनचूक दिलं आपण." आणि तसाच, हसता हसता, त्यानं तोंड गुडघ्यात घातलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची पाठ रुंद असते. ती इतकी हलताना मी कधी बघितली नव्हती. मी तिच्यावर हात ठेवला. समोरच्या दाराआड कुणाचं तरी लेकरू रडलं, आणि तोडलेलं दूध माझ्या अंगावर फुटलं. बदलायचे कपडे पिशवीत होते.

ताई कामावरून यायला वेळ होता. शेवटी घरमालकाला फोन लावला. मीच लावला. तो आला, त्याच्याकडची किल्ली काढली, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहून सांगितलं, उद्या कुलूपवाला येईल. किल्ली हरवली की कुलूप बदलायचं, हा इमारतीचा नियम.

"हरवली नाहीये," मी म्हटलं.

"मग कुठं आहे?"

"माझ्या मुलीकडं आहे."

"मुलगी कधी येणार?"

तेवढ्यात मागून बबडीचा बाबा म्हणाला, "येणार आहे. कुलूप बदललं तर तिची किल्ली लागणार नाही." घरमालकानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या तिच्या गादीकडं बघितलं. मग स्वतःच्या जुडग्यातून आमची किल्ली सोडवायला लागला. ती लवकर सुटेना. "दुसरी मागवीन," तो पुटपुटला. "तोवर ही ठेवा. पाडू नका."

सासूबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"अगं सूनबाई, तुमच्या घराची किल्ली आली की गं माझ्याबरोबर! मेलं लक्षातच आलं नाही कुणाच्या. तुम्ही आत कसे गेलात?"

"गेलो. बबडी कशी आहे?"

"गुणाची आहे. खाल्लं, झोपली. रडली नाही हो, अजिबात नाही." फोनमध्ये पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला, सासऱ्यांनी काहीतरी विचारलं. "फक्त झोपून उठली की दाराकडं तोंड करून बसते. पिशवीला टेकून. बोलावलं तर बघते माझ्याकडं, हसते, आणि परत दाराकडं. किती वेळ बसते, बाई. मी यायच्या आधी तिकडं पण अशीच बसायची का?"

फोन त्याच्या हातात द्यायला तो घरात नव्हता, त्याची गाडी गेली होती.

"हॅलो? ऐकू येतंय का? मी म्हणते, ती किल्ली सोडवून पोस्टानं पाठवू का?"

"नको, आई. सोडवू नका."

"अगं पण तुम्हाला लागेल."

"तिला लागेल. घरी येताना."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "बरं. नाही सोडवत." आणि फोन ठेवता ठेवता, "ती छत्री पण आतच राहू देते."